पीएसपी-३००० घ्यायला गेलो आणि १०,४४९ रुपये घालवून बसलो

दहा हजार चारशे एकोणपन्नास रुपये. आकडा आधीच सांगून टाकतो. घरी सांगायला मला चाळीस तास लागले, आणि पैसे कुठे अडवता आले असते तर ते त्याच चाळीस तासांत.

मी सोलापुरात, अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेलच्या कारखान्यात अकाउंट्स बघतो. दुसऱ्यांच्या बिलांतल्या चुका काढायचा मला पगार मिळतो. त्यामुळे "शिकलेली माणसं कशी काय फसतात?" हे कृपा करून मला विचारू नका. ते मी स्वतःला रोज विचारतोय.

सुरुवात दिवाळीच्या साफसफाईत झाली. माळ्यावरच्या पत्र्याच्या डब्यात माझा जुना पीएसपी, म्हणजे सोनीचं हातात धरून गेम खेळायचं यंत्र, सापडला. पहिलं मॉडेल, १०००, ज्याला सगळे फॅट म्हणतात. मोठ्या भावानं पुण्यात पहिला पगार झाल्यावर घेतला होता, नंतर मला दिला. बॅटरी पुरीसारखी टम्म फुगून मागचं झाकण उचललं गेलं होतं. (तुमच्याकडे असा जुना पडून असेल तर आधी झाकण उघडून बघा. बॅटरी फुगली असेल तर चार्जिंगला अजिबात लावू नका.) नवी बॅटरी ६५० रुपयांना मिळाली. फॅटला १८०० एमएएचची जाड बॅटरी लागते, २००० आणि ३००० या नंतरच्या मॉडेलना १२०० ची पातळ. दुकानदार कुठलीही हातात ठेवतात, तेव्हा मॉडेल सांगून घ्या.

नवी बॅटरी टाकून स्विच सरकवला आणि ती मेनूची लाट स्क्रीनवर आली. तिचा रंग महिन्यागणिक बदलतो, हे मी पार विसरून गेलो होतो. मग आत डिस्क फिरल्याचा तो बारीक घुर्रर्र आवाज. माझ्या अंगावर काटा आला. ४.३ इंचांचा स्क्रीन आहे, आजच्या बहुतेक स्मार्टफोनपेक्षा लहान. पण त्यावर मेसेज येत नाही, जाहिरात येत नाही, कोणी पैसे मागत नाही. जेवायला हाक आली की स्विच वर सरकवायचा, गेम आहे तिथेच झोपतो. जेवून आलं की तिथूनच पुढे. माझी लेक दहा वर्षांची आहे. मोबाइल काढून घेतला की घर डोक्यावर घेणारी पोरगी पीएसपी अर्ध्या तासानं स्वतःहून बाजूला ठेवायला लागली. हे मी डोळ्यांनी बघितलंय.

दोन पीएसपी असले की इंटरनेट नसतानाही एकमेकांना जोडून खेळता येतं. आम्ही भाऊ तसेच खेळायचो, तो मित्राचा मागून आणायचा. लेक म्हणाली, "बाबा, आपण दोघं कधी खेळायचं?" एवढंच. त्यासाठी दुसरा हवा होता. हौस म्हणा, पण वायफळ खर्च नव्हता, हे मी आजही सांगतो. कंपनीनं २०१४ साली हे यंत्र बनवणं बंद केलं. त्यामुळे आता घ्यायचं तर जुनंच, आणि जुनं म्हटलं की अनोळखी माणूस आला.

जानेवारीत एक जाहिरात दिसली. "पीएसपी-३०००, काळा, एकहाती वापर, सोबत दहा डिस्क, ६,५०० रुपये, बार्शी." फोटोत खाली मोराच्या नक्षीची आपली सोलापुरी चादर अंथरलेली, त्यावर पीएसपी ठेवलेला. ती चादर बघितली आणि मी निम्मा तिथेच गळाला लागलो. फोन केला तर माणूस आपल्याच बोलीत. "होय की दादा, लई जपून वापरलाय, पोरगं बारावीला गेलंय म्हणून काढतोय." सैन्यातला साहेब, बदली, विमानतळ असलं काही नाही. त्या गोष्टी आता सगळ्यांना पाठ आहेत आणि मलाही होत्या. हा माणूस बार्शीचा होता, सत्तर किलोमीटरवरचा. मी सावध राहिलो नाही असं कोणी म्हणू नये, सावध होतो ते दुसऱ्याच प्रकाराला.

तुम्ही म्हणाल, एसटीत बसून बार्शीला का गेला नाहीस? तारखा बघा. शनिवारी ११ जानेवारी, जीएसटीआर-१ या विक्रीच्या विवरणपत्राची नेहमीची शेवटची तारीख. पुढे २० ला ३बी, म्हणजे कर भरायचं विवरणपत्र. त्यात संक्रांत, गड्डा म्हणजे आमची सिद्धेश्वराची जत्रा, घरी पाहुणे. सुट्टी मागायची सोय नव्हती. तो म्हणाला, "टोकन टाका दादा, दुसरं गिऱ्हाईक आलंय." ११ तारखेला ५०० टाकले. अ‍ॅपवर नाव भलत्याच बाईचं आलं. विचारलं तर म्हणाला, "वहिनीचं खातं आहे." घरोघरी असं असतंच, म्हणून सोडून दिलं. तुम्ही सोडू नका. बोलणारा एक आणि पैसे घेणारा दुसरा, तर तिथेच थांबा.

आता ज्या क्षणासाठी मी हे लिहायला बसलोय तो सांगतो.

रविवारी १२ तारखेला त्यानं आणखी चार फोटो पाठवले. मी कॉटवर पडून बघत होतो, लेक खांद्यावरून डोकावत होती. तिच्या हातात आमचा फॅट होता. ती म्हणाली, "बाबा, यावर पण होम लिहिलंय, आपल्यासारखंच."

पीएसपीच्या स्क्रीनखाली बटणांची एक ओळ असते. डावीकडचं पहिलं बटण १००० आणि २००० वर 'होम' असतं. ३००० वर तिथे 'होम' लिहिलेलंच नसतं, प्लेस्टेशनचं चिन्ह असतं. शिवाय ३००० ला माइक असतो. हे मला माहीत होतं. नुसतं माहीत नव्हतं, दिवाळीत लेकीला मांडीवर घेऊन मीच समजावलं होतं, की बघ, नवं कुठलं, जुनं कुठलं, ते या बटणावरून ओळखायचं. आणि तेच माझं वाक्य तिनं माझ्यापुढे धरलं, तर मी काय म्हणालो? "असतं गं कधीकधी तसं. जा, अभ्यास कर."

तसं कधीही नसतं. तीन हजारावर होम नसतं म्हणजे नसतं. तो फोटो ३००० चा नव्हता. विकणाऱ्याला आपल्या हातात काय आहे हे ठाऊक नव्हतं, कारण त्याच्या हातात काहीच नव्हतं. फोटो कुठून तरी उचललेला. मला ते दिसलं होतं. पण वस्तू मनानं घरी आणून झाली होती, लेकीबरोबर पहिला डाव खेळूनही झाला होता, आणि त्या चार इंग्रजी अक्षरांच्या बटणापायी ते सगळं परत द्यायची माझी तयारी नव्हती. रात्री झोप लागत नाही ती १०,४४९ रुपयांमुळे नाही. तिला "जा, अभ्यास कर" म्हणालो त्यामुळे.

मी त्याला विचारलं मात्र होतं. तो म्हणाला, "दादा, मला त्यातलं काय कळतंय, पोराला विचारून सांगतो." व्हिडिओ कॉल कर म्हटलं तर "शेतात आहे, रेंज नाही." तासाभरात पॅक केलेल्या खोक्याचा फोटो आला, वर माझं नाव, माझा पत्ता, सोलापूर. आपलं नाव खोक्यावर बघितलं की माणूस विरघळतो. ३,००० पाठवले. उरलेले ३,००० माल हातात आल्यावर, असं ठरलं.

(जुनं यंत्र घेताना बॅटरी काढून आतल्या स्टिकरचा फोटो मागा, मॉडेलचा नंबर त्यावर असतो. शेजारी कागदावर आजची तारीख आणि तुमचं नाव लिहून ठेवायला सांगा, स्क्रीन चालू असू दे. खरा विकणारा कुरकुर करेल, पण देईल.)

मंगळवारी १४ तारखेला, ऐन संक्रांतीला, कुरिअरच्या नावानं एक पीडीएफ आली. "जीएसटी व विमा, १,९५० रुपये, परत मिळण्याजोगे." मी जीएसटीचं काम करणारा माणूस! घरातली जुनी वस्तू विकणाऱ्या माणसाच्या पार्सलवर असा परत मिळणारा जीएसटी नसतो. धरला तरी ६,५०० वर अठरा टक्क्यांनी १,१७० होतात, १,९५० कुठून आले? आणि त्या कागदावरचा जीएसटी क्रमांक १४ अक्षरांचा होता. तो १५ अक्षरांचा असतो, हे मी झोपेतही सांगेन. मोजला कधी? १६ तारखेला. कारखान्यात आलेलं बिल असतं तर लाल शाई मारून परत पाठवलं असतं. पण घरात तिळगूळ वाटणं चाललेलं, पाहुणे आलेले, आणि फोनवर तो म्हणतोय, "दादा, पार्सल हबला अडकलंय, पाचपर्यंत नाही भरलं तर परत जाईल." भरले.

संध्याकाळी आम्ही गड्ड्यावर गेलो. पाळण्यांचे भोंगे, माणसांची रेटारेटी, एका हातात लेकीचा हात, दुसऱ्यात फोन. त्याचा मेसेज : कुरिअरकडून १,९५० आणि आधीच्यातले काही मिळून ४,९९९ परत येतायत, क्यूआर स्कॅन करा, मग एकरकमी पैसे डिलिव्हरीलाच द्या. मी म्हटलं, वा, पैसे परत येतायत. स्कॅन केला, पिन टाकला. ४,९९९ गेले. पैसे घ्यायला पिन लागत नाही. हे वाक्य मी माझ्या आईला पन्नास वेळा सांगितलंय.

५००, ३,०००, १,९५०, ४,९९९. मिळून १०,४४९. वस्तूची किंमत ६,५०० होती आणि मी दीडपटीहून जास्त भरून रिकाम्या हातानं पाळण्याखाली उभा. लेक विचारत होती, "बाबा, भजी घ्यायची?"

आता पुढचं ऐका, कारण राग त्याचा जास्त आहे.

१६ ला बायकोला सांगितलं आणि तिनंच १९३० ला, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन करायला लावला. तक्रार नोंदवली गेली, क्रमांक मिळाला. पण तोवर पैसे त्या खात्यातून पुढे सरकले होते. हा उशीर माझा, मान्य. पैसे गेल्याचं कळलं त्याच मिनिटाला १९३० लावा, लाज नंतर.

बँकेच्या शाखेत गेलो. काउंटरवरच्या बाईंनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. "पिन तुम्हीच टाकलाय ना? मग आम्ही काय करणार?" रिझर्व्ह बँकेचं २०१७ चं परिपत्रक मी वाचून गेलो होतो. ग्राहकाच्या चुकीनं, बँकेला कळवण्यापूर्वी गेलेल्या रकमेचा तोटा ग्राहकाचाच, हे मला कळतं. मी भरपाई मागत नव्हतो. पैसे ज्या खात्यात गेले त्या बँकेला लेखी कळवा आणि मला पोच द्या, एवढंच मागत होतो. फॉर्म संपलेत, सोमवारी या. सोमवारी साहेब रजेवर. मंगळवारी फॉर्म मिळाला तो जुना, नवा वेगळा आहे म्हणून परत.

आणि पोलीस ठाणं. पहिल्या फेरीला "गड्ड्याचा बंदोबस्त आहे, नंतर या." ठीक आहे, गड्ड्याला माणसं कमी पडतात हे सोलापूरकराला सांगायला नको. दुसऱ्या फेरीला "आरोपी बार्शीचा ना? हद्द आमची नाही, बार्शीला जा." तो बार्शीचा आहे हे तोच म्हणतोय, मी नाही! नव्या कायद्यात, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये, गुन्हा कुठल्याही हद्दीतला असला तरी माहिती घ्यावी लागते असं स्पष्ट आहे, १ जुलै २०२४ पासून. मी ते म्हणालो तर उत्तर मिळालं, "वकील आहात का?" तिसऱ्या फेरीला सगळ्या चॅटच्या रंगीत प्रिंट आणायला सांगितल्या. बावीस पानं, दहा रुपयांनी २२० रुपये. चौथ्या फेरीला त्यातलं पहिलं पान बघून एकानं शेजारच्याला हाक मारली, "ये बे, हे बघ, खेळणं घ्यायला गेले आणि फसले." दोघं हसले. माझ्या वयाची माणसं.

खेळणं असेल. चाळिशीला आलेल्या माणसानं खेळणं घेऊ नये असा काही कायदा आहे का? सोनं घेताना फसलो असतो तर हसला असतात का? फसवणुकीला भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ आहे, त्यात वस्तू कुठली ते लिहिलेलं नाही. अर्ज ठेवून घेतला, पोच मात्र दिली नाही. "फोन करू." फोन आलेला नाही. तुम्ही गेलात तर अर्जाच्या दोन प्रती न्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का मिळाल्याशिवाय उठू नका. मी उठलो.

घरच्यांनी समजून घेतलं. भाऊ पुण्याहून फोनवर एवढंच म्हणाला, "आधी मला फोटो टाकायचास की." खरंय. घेण्याआधी त्यातल्या जाणत्या एकाला तरी फोटो दाखवा. आणि त्यानं, किंवा दहा वर्षांच्या पोरीनं, काही दाखवलं तर ऐका.

लेकीची मी माफी मागितली. ती म्हणाली, "जाऊ दे बाबा, एकावरच आळीपाळीनं खेळू." तसंच खेळतो.

काल रात्री तोच फोटो परत दिसला. मोराची चादर, काळा पीएसपी, उजव्या कोपऱ्यात चादरीची सुटलेली दशी. किंमत ६,२००. गाव आता पंढरपूर. खाली लिहिलंय ३०००, आणि स्क्रीनखाली डावीकडे होम स्पष्ट वाचता येतंय.