स्टँडला चाकं लावायची, वेल्डिंग न करता: बुच, अँगल का खालची गाडी?

आमच्याकडं बेळगावात घरी कुंदा होतो, म्हणजे दूध आटवून, घोटून केलेली मिठाई. दुकान वगैरे नाही, ओळखीतल्या ऑर्डरी, गणपती ते दिवाळी जरा जोरात आणि बाकी वर्षभर लग्नाबारशाचं. त्यासाठी भट्टीचा स्टँड करून घेतलाय, दीड इंची चौकोनी जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी) पाईपचा, वर बर्नर आणि बर्नरवर 25 लिटर दूध मावेल अशी कढई. भट्टी मागच्या पडवीत पेटते, काम संपलं की स्टँड आतल्या खोलीत. मध्ये उंबरा. हा उंबरा लक्षात ठेवा.

चाकं पाहिजेत म्हटल्यावर सगळे एकच सांगतात, उद्यमबागेत, कारखान्यांच्या भागात, ने आणि वेल्डिंगचे चार टाके मारून आण. खरं ते वाटतं तेवढं सोपं नाही. एक तर आमची शहापुरातली गल्ली, टेम्पो आत येत नाही, आणि चार टाक्यांसाठी कुणी लवकर हातात घेत नाही, "ठेवून जा, बघू" म्हणतात आणि आठवडा जातो. दुसरं म्हणजे जीआय पाईपवर वेल्डिंग केलं की जस्ताचा पांढरा धूर निघतो, तो छातीत गेला तर संध्याकाळी थंडी वाजून ताप भरतो, आणि टाक्याजवळचं जस्त जळून गेल्यावर गंज तिथूनच सुरू होतो. पावडर कोटिंगचा स्टँड असेल तर ते खरवडून काढायचं आणि मग पुन्हा रंग. म्हणून मी वेल्डिंग सोडून तीन पद्धती बघितल्या, दोन स्वतः वापरल्या आणि एक मेव्हण्याच्या स्टँडवर बघितली.

पहिली बुचाची. पाईपच्या तोंडात नट असलेलं प्लास्टिकचं बुच ठोकायचं आणि चाकाचा दांडा त्यात पिळायचा. यातच जरा बरा प्रकार म्हणजे रबराचं बुच, खालचा नट आवळला की रबर फुगतं आणि पाईपला आतून धरून बसतं. खडेबाजारात चाकं मागायला गेलो तर दुकानदारानं पहिलाच प्रश्न टाकला, "यावुदु बेकु (कुठलं पाहिजे), नटवालं का प्लेटवालं?" मी नटवालं म्हणालो कारण भोक पाडायचं नाही, कापायचं नाही, अर्ध्या तासात काम, आणि सगळ्यात स्वस्त. बुच घेताना पाईपचं बाहेरचं माप सांगून भागत नाही, आतलं बघावं लागतं, 16 गेज जाडीचा दीड इंची पाईप म्हणजे आत साधारण 35 मिलीमीटर, आणि आत शिवणीची जी रेघ असते ती कानसीनं घासली नाही तर बुच तिरकं बसतं.

पहिला महिना मी खूश होतो. कुणी विचारलं की बुच घ्या असंच सांगायचो.

मग एकदा पाऊस आला म्हणून घाईघाईत स्टँड आत घेत होतो. पुढचे दोन पाय उंबऱ्यावर चढवले, मागून उचलून ढकलला, आणि मागून बायको म्हणते, "अहो, चाक तिकडंच राहिलं की!" बघतो तर स्टँड तीन चाकांवर आणि चौथं पडवीत एकटं उभं. तिथून हे सुरूच झालं. चाक बसवायचं, आवळायचं, चार दिवस नीट, पुन्हा उंबऱ्यावर उचललं की दांडा बुचासकट खाली. रबराचं बुच लावून बघितलं, ते जास्त दिवस टिकलं एवढंच. माझ्या मते कारण साधं आहे. कुंदा म्हणजे नुसतं दूध तापवणं नाही, तळापासून रेटून घोटायचा असतो आणि तासन्‌तास, तेव्हा स्टँड प्रत्येक रेट्याला जरासा डुलतो आणि तो डुलणारा जोर बुचावर येतो. वजन खाली दाबतं तोपर्यंत बुच बिनतक्रार उभं राहतं, उचलल्यावर मात्र त्याला धरून ठेवणारं फक्त घर्षण. उंबरा नसलेल्या घरात कदाचित हे कळणारही नाही, मी बुचाला वाईट म्हणत नाही.

दुसरी पद्धत मेव्हण्याची, निपाणीला. त्यानं प्रत्येक पायाला बाहेरून अँगलचा, म्हणजे काटकोनात वळलेल्या लोखंडी पट्टीचा, तुकडा दोन बोल्टनं मारला आणि अँगलच्या आडव्या बाजूखाली प्लेटवालं चाक लावलं. याचा एक फायदा मला फार आवडला, चाक पायाच्या बाजूला येतं त्यामुळं स्टँडची उंची जवळपास वाढत नाही. उंची हा विषय आधी डोक्यात येत नाही, खरं 4 इंची चाक म्हटलं की प्लेट धरून 5 इंच वर जातं, आणि कढईचा काठ 5 इंच वर गेला की घोटणाऱ्याचा खांदा दुसऱ्या दिवशी बोलतो. शिवाय चाकं बाहेर गेल्यामुळं स्टँड रुंद होतो, पटकन कलत नाही.

त्याची अडचण वेगळी. पाईप पातळ, बोल्ट दाबून आवळला की पाईप चेपतो आणि चेपला की बोल्ट पुन्हा सैल, म्हणून आत लाकडाचा ठोकळा भरून मग आवळायला लागतो. आणि चाक पायाच्या बाजूला असल्यानं सगळं वजन अँगलला पिळतं, वर्षभरानं त्याची दोन चाकं जरा बाहेर फाकलीत, म्हैस बसायच्या आधी पाय पसरते तशी. तो म्हणतो चालतं. चालतं पण.

तिसरी, जी आता माझ्याकडं आहे, खालची गाडी. रॅकला वापरतात तो भोकाभोकांचा अँगल घ्यायचा, कापून आणि नटबोल्टनं जोडून. दोन लांब अँगल, स्टँडच्या दोन्ही बाजूंना 4-4 इंच बाहेर येतील एवढे, आणि त्यांना बांधणारे दोन आडवे. स्टँडचे पाय अँगलच्या कोनात उभे राहतात, चाकं त्या बाहेर आलेल्या टोकांखाली, मध्ये 6 मिलीमीटरची पट्टी घालून. चाकाच्या प्लेटची भोकं अँगलच्या भोकांशी जुळत नाहीत, जुळतील या आशेवर राहू नका, पट्टीला भोकं मारायची. पंचानं खूण, आधी 4 मिलीमीटरचं ड्रिल मग 8 चं, टोकावर थोडं खोबरेल सोडायचं. आणि प्रत्येक पायाला अँगलमधून एक बोल्ट आरपार घालायचाच, नाहीतर उंबऱ्यावर स्टँड उचलल्यावर चाक काय, अख्खी गाडीच मागं राहील. हे मी पहिल्या दिवशी विसरलो होतो, सांगायला लाज नाही.

तोटे आहेतच. उंची वाढते, मी ग्राइंडरनं पाय 5 इंच कापले आणि कापलेल्या तोंडाला झिंकचा रंग लावला. बाहेर आलेल्या टोकांना अंधारात पायाची बोटं ठेचतात. खर्च बुचाच्या दुपटीहून जास्त आला, आणि एक पूर्ण रविवार गेला. खरं चारही पाय खाली एकमेकांना बांधले गेल्यामुळं डुलणं जे कमी झालंय ते मोजायला माझ्याकडं काही नाही, बायको आता घोटताना दुसऱ्या हातानं स्टँड धरत नाही एवढं बघितलंय.

चाकांचं थोडं, कारण पद्धत कुठलीही घेतली तरी हे लागणार. वजन चारनं भागू नका, तीननं भागा, आपल्या फरश्या कधीच एका पातळीत नसतात आणि एक चाक बहुतेक वेळा हवेतच असतं. माझं दूध, कढई, बर्नर, स्टँड धरून 63 किलोच्या आसपास, म्हणजे एका चाकावर 21, मी 50 किलोवालं घेतलं. 2 इंची चाक शहाबादीच्या फटीत अडकतं, 4 इंचीच घ्या. नायलॉनचं चाक आवाज करतं खरं टिकतं, रबराचं गप्प असतं पण सहा महिने एका जागी उभं राहिलं की खाली चपटं होतं. ब्रेक असा बघा की चाकही थांबेल आणि वरचं फिरणंही थांबेल, नुसतं चाक थांबवणारा ब्रेक असला तर घोटताना स्टँड जागेवर गिरकी घेतो. चार फिरती घेण्यापेक्षा दोन फिरती ब्रेकवाली आणि दोन फिक्स मला बरी वाटली, सरळ जातं. खानापूर-जांबोटीकडं पाऊस दणकून असतो, तिकडच्यांनी जमलं तर स्टीलची बघावीत.

आणि दूध उतू जातंच. ते साखरेसकट चाकाच्या वरच्या छर्‍यांत जाऊन बसतं, वाळून दगड होतं आणि वर मुंग्या. काम झालं की गरम पाणी ओतून धुवायचं आणि वाळल्यावर ग्रीस. गरम कढई ठेवून स्टँड मात्र कधीही ढकलायचा नाही, चाकं रिकाम्या स्टँडसाठी आहेत, आणि सिलेंडर बाजूला जमिनीवरच, गाडीवर चढवायचा मोह आवरा.

तेव्हा उंची अजिबात वाढवायची नसेल तर मेव्हण्यासारखं अँगल बघा, जरा जाड घ्या. एका जागेवर थोडं मागंपुढं सरकवायचं असेल आणि घाई असेल तर बुच चालेल. बुचवाली माझी चाकं मी टाकली नाहीत, आईच्या कपडे वाळत घालायच्या स्टँडला लावलीत. तो उंबरा ओलांडत नाही.