पासाऊमधलं नदीकाठचं जुनं हॉटेल: साडेसहा महिने राहून आल्यावर

कंपनीच्या कामासाठी 2024 च्या फेब्रुवारीपासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत जर्मनीत, बव्हेरिया राज्यातल्या पासाऊला होतो. ठरलं होतं ते असं, की पहिले दोन आठवडे हॉटेल आणि मग भाड्याचं घर. घर काही मिळालं नाही. पासाऊ विद्यापीठाचं गाव आहे, सत्राच्या तोंडावर तिथे खोली शोधणं म्हणजे गणपतीत कोकणच्या गाडीचं तिकीट शोधण्यासारखं. त्यामुळे दोन आठवड्यांचं हॉटेलच माझं घर झालं. या हॉटेलबद्दल लोक जे लिहितात ते दोन रात्री राहून लिहितात: दृश्य सुंदर, नाश्ता छान, जिना जरा अवघड. त्यात खोटं काही नाही. पण तिसऱ्या आठवड्यापासून जे कळतं ते कोणी लिहिलेलं नाही, म्हणून हे लांबण. हॉटेलचं नाव मुद्दाम देत नाही. नदीलगतच्या गल्ल्यांमधली बहुतेक जुनी हॉटेलं याच धाटणीची आहेत.

जागेची कल्पना आधी देतो. पासाऊला तीन नद्या एकत्र येतात. पश्चिमेकडून डॅन्यूब, दक्षिणेकडून इन आणि उत्तरेकडून छोटी इल्त्स. डॅन्यूब आणि इन यांच्यामधल्या जमिनीच्या चिंचोळ्या जिभेवर जुनं गाव वसलंय. जिभेच्या टोकाला उभं राहिलं की तिन्ही पाण्यांचे रंग वेगळे दिसतात. इन हिमनद्यांचं पाणी आणते, ती दुधट हिरवी. इल्त्स बव्हेरियाच्या जंगलातल्या दलदलीतून येते, ती कोऱ्या चहासारखी काळपट. मी सांगलीचा, हरिपूरला कृष्णा-वारणेचा संगम बघत वाढलेला, त्यामुळे संगमाचं अप्रूप नव्हतं. अप्रूप वाटलं ते दुसऱ्याच गोष्टीचं. वर्षभराचा हिशेब केला तर इन डॅन्यूबपेक्षा जास्त पाणी आणते, तरी पुढे नाव चालतं ते डॅन्यूबचंच.

हॉटेल डॅन्यूबच्या बाजूला, राथहाउसपासून, म्हणजे नगरपालिकेच्या जुन्या इमारतीपासून, चालत फार लांब नाही. 1662 च्या मोठ्या आगीत गाव जळालं आणि नंतर इटालियन कारागिरांनी ते पुन्हा बांधलं. आमच्या इमारतीचं तळघर त्या आगीच्या आधीचं आणि वरचे मजले नंतरचे, असं मालकीणबाई सांगायच्या. तळमजल्यावर कमानीचं छत, भिंती हातभर जाड, बाहेरून सरळसोट दर्शनी भिंत आणि तिच्याआड लपलेलं छप्पर. आतला दगडी जिना मधोमध इतका झिजलाय की प्रत्येक पायरीला खळगा पडलाय. लिफ्ट नाही आणि होणारही नाही, कारण इमारत संरक्षित वारशात मोडते. खिडकीची चौकट बदलायची म्हटलं तरी परवानगी लागते. माझी खोली तिसऱ्या मजल्यावर. पहिल्या दिवशी 23 किलोची बॅग वर नेताना मी मनात ठरवलं की आईबाबांना इथे आणायचं नाही, आणि नाहीच आणलं.

खोलीतली जमीन नदीकडे उतरती. टेबलावरून पेन पडलं की ते नेहमी खिडकीखालीच सापडायचं. पलंगाच्या दोन पायांखाली लाकडी पाचरी होत्या, तरी पहिला आठवडाभर झोपेत घसरल्यासारखं वाटे. छताची तुळई बरोबर माझ्या कपाळाच्या उंचीवर. मी पाच फूट अकरा इंच आहे, तेव्हा उंच माणसांनी काय ते समजून घ्यावं. वायफाय जिन्यात उत्तम, खोलीत यथातथा. भिंत एवढी जाड असल्यावर दुसरं काय होणार? पुण्याबरोबरच्या मीटिंगा मी दार उघडं टाकून, खुर्ची उंबऱ्यात ठेवून केल्या.

या खोलीत मला सगळ्यात आवडली ती खिडकी. तिथल्या जुन्या घरांत खिडक्या दुहेरी असतात. बाहेर एक जोडी, आत एक जोडी आणि मध्ये वीतभर पोकळी. फेब्रुवारी-मार्चमध्ये ती पोकळी म्हणजे फुकटचा फ्रीज. खोलीत फ्रीज नव्हताच. रात्री दुधाला विरजण लावून वाटी टॉवेलात गुंडाळून हीटरवर ठेवायची आणि सकाळी लागलेलं दही खिडकीच्या पोटात सरकवायचं. विरजण म्हणून दुकानातलं साधं नाटूर-योगुर्ट चालतं, दही गोडसर आणि घट्ट लागतं. मे महिन्यात हा फ्रीज बंद पडला आणि जुलैत तीच खोली भट्टी झाली. एसी नाही, पंखाही मागून घ्यावा लागला.

नाश्ता साडेसहापासून. सेमेल नावाचे पाव, चीज, उकडलेली अंडी, जॅम, म्युसली, शनिवारी-रविवारी ब्रेत्सेल. दहा दिवस मजेत जातात, साठाव्या दिवशी सेमेल बघून पोटात गोळा येतो. मी शाकाहारी, त्यात दुसऱ्या पाळीला काम असलं की सुटका रात्री उशिरा. बव्हेरियात दुकानं आठला बंद होतात आणि रविवारी उघडतच नाहीत. त्यामुळे एप्रिलमध्ये मी एक इंडक्शन शेगडी विकत आणली. तीन रात्री नुसती खिचडी केली, काही झालं नाही. चौथ्या रात्री मोह झाला आणि तिखट-हिंगाची फोडणी दिली. छतावरच्या धूरसूचकाने जो टाहो फोडला त्याने अख्खा मजला जागा झाला. रात्री दहानंतर तिथे शांततेचा नियम फार कडक. मालकीणबाई गाउनवर कोट चढवून वर आल्या, खिडकी उघडली, कढल्यात डोकावल्या, वास घेतला आणि एक शब्द न बोलता शेगडी काखेत मारून खाली गेल्या. सकाळी नाश्त्याला नेहमीसारखंच हसून "ग्र्युस गॉट". शेगडीचा विषय नाही. मीही काढला नाही.

आवाजाचं म्हणाल तर तो दोन प्रकारचा. एक घंटांचा. राथहाउसच्या मनोऱ्यातला घंटांचा मेळ आणि चर्चचे ठोके यांची आठवडाभरात सवय होते. दुसरा जहाजांचा, आणि त्याची सवय होत नाही. व्हिएन्ना-बुडापेस्टकडे जाणाऱ्या पर्यटक जहाजांचा पासाऊ हा मोठा थांबा आहे. एप्रिलपासून तीन मजली पांढरी जहाजं धक्क्याला लागतात. नदीदर्शनी खोलीचे जास्त पैसे मोजावेत आणि समोर दिसावा तो बाल्कनीत दाढी करणारा कोणी ऑस्ट्रेलियन आजोबा, असं कितीतरी सकाळी झालंय.

आता पुराबद्दल.

राथहाउसच्या मनोऱ्यावर जुन्या पुरांच्या खुणा कोरल्यात. 1501 ची खूण 13.20 मीटरची आहे, 2013 च्या जूनमधली 12.89 ची. म्हणजे पाचशे वर्षांतला सगळ्यात मोठा पूर कालपरवाच येऊन गेला. पर्यटक त्या खुणांखाली फोटो काढतात. मी पहिल्याच रविवारी तिथे उभं राहून मनातल्या मनात हॉटेलच्या दारापाशी रेघ ओढून बघितली. आमचं घर सांगलीच्या गावभागात. 2019 ला कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाण्याची पातळी 57 फुटांच्या वर गेली तेव्हा आमच्या माळ्याच्या जिन्याला पाणी लागलं होतं. पुराच्या गावचा माणूस भिंतीवरच्या ओलीच्या रेघेवरून घर वाचतो. हॉटेलच्या तळमजल्यावर पहिल्या दिवसापासून मला जे विचित्र वाटत होतं त्याचा उलगडा तिथे झाला. विजेची बटणं-सॉकेट खांद्याच्या उंचीवर का, मीटर पहिल्या मजल्यावर का, नाश्त्याच्या खोलीत गालिचा किंवा लाकडी जमीन नसून नुसती फरशी का, स्वयंपाकघरातल्या एवढ्या वस्तूंना चाकं का. तळमजल्याला गिलावाही चुन्याचाच. जिप्समचा पाणी पितो आणि मग उखडूनच काढावा लागतो, हे मालकीणबाईंनी सांगायच्या आधी आमच्या गवंड्याने सांगितलं होतं.

मेच्या अखेरीस दक्षिण जर्मनीत पाऊस कोसळायला लागला. सांगलीत आपण कोयनेचा विसर्ग विचारतो आणि मग आयर्विनचा आकडा. तिथेही तेच, फक्त मोबाईलवर सरकारी पातळीदर्शक पान उघडायचं. डॅन्यूब एरवी साडेचार-पाच मीटरवर असते. इशाऱ्याच्या चार पायऱ्या आहेत, त्यांना मेल्डेश्टुफे म्हणतात. रविवारी संध्याकाळी मालकीणबाई आणि मी काउंटरपाशी आपापला मोबाईल घेऊन एकाच आकड्याकडे बघत होतो. त्यांनी मला विचारलं, "तुम्हाला हे कसं कळतं?" माझं जर्मन तोडकंमोडकं, तरी सांगितलं की आमच्याकडेही नदी घरात येते. नुसती डॅन्यूब चढून भागत नाही. इनला लोंढा आला की डॅन्यूबला फुगवटा बसतो, पाणी पुढे सरकेना झालं की ते मागे गल्लीत शिरतं. फुगवटा हा शब्द जर्मनमध्ये समजावायला मला हाताने दोन नद्या करून दाखवाव्या लागल्या. अलमट्टी धरणाच्या फुगवट्यावरून इतकी वर्षं ऐकलेली भांडणं इथे उपयोगी पडली.

सोमवारी 3 जूनला सकाळी त्यांनी सगळ्या पाहुण्यांना चढावरच्या दुसऱ्या हॉटेलात हलवलं. मी सुट्टी टाकून मदतीला थांबलो. घरातली चार माणसं, दोन कामगार आणि मी, एवढ्यांनी चार तासांत तळमजला रिकामा केला. आरडाओरडा नाही, घाई नाही. प्रत्येक वस्तू पहिल्या मजल्यावर कुठे जायची ते ठरलेलं. दारं बिजागऱ्यांतून उचलून वर नेली. सगळ्यात शेवटी काउंटरवरची पितळी घंटा. मंगळवारी पासाऊने आपत्ती जाहीर केली, पातळी 10 मीटरच्या आसपास जाऊन थांबली. 2013 च्या मानाने काहीच नाही, असं म्हणतच होते लोक. तरी नाश्त्याच्या खोलीत गुडघ्याच्या वर पाणी होतं.

पाणी उतरायला लागलं तशा मालकीणबाई गमबूट घालून आत शिरल्या आणि उतरत्या पाण्यातच खराट्याने गाळ ढवळून बाहेर लोटायला लागल्या. पाणी ओसरून गाळ वाळला की सिमेंटसारखा बसतो, मग तो खरवडूनच काढावा लागतो. माझी आई 2005 ला आणि 2019 ला हेच करत होती. मला कोणी काही सांगायची गरज पडली नाही, खराटा घेतला आणि लागलो.

पण हे परीक्षण आहे, तेव्हा दुसरी बाजूही लिहितो. पाचव्या दिवशी आम्ही खोल्यांत परतलो ते पुढचे चार आठवडे तळमजल्यावर ओल सुकवायची यंत्रं रात्रंदिवस घरघरत होती. नाश्ता कागदी पिशवीत, ओलीचा वास थेट तिसऱ्या मजल्यापर्यंत. आणि दर? तोच. मी विचारल्यावर नाश्त्याचे पैसे वजा केले, खोलीचे नाही. मदत केली म्हणून सवलत मागावी असं मलाही वाटलं नाही. पण ज्यांनी गाळ काढला नव्हता त्यांनाही पूर्ण भाडंच लागलं, आणि हे मला पटलेलं नाही.

लांब मुक्कामाला जाणाऱ्यांसाठी थोडं कामाचं. 2024 मध्ये बिलावर खोलीला 7 टक्के आणि नाश्त्याला 19 टक्के कर वेगळा लागायचा. कंपनीच्या हिशेबखात्याला हे आधीच सांगून ठेवा, नाहीतर माझ्यासारखे आठ ईमेल लिहाल. परदेशातून येऊन हॉटेलात तीन महिन्यांपेक्षा जास्त राहिलात तर नगरपालिकेत पत्त्याची नोंद करावी लागते आणि त्यासाठी हॉटेलमालकाची सही लागते. आमच्या मालकीणबाईंनी ती दिली, पण फॉर्म तीनदा वाचून. कपडे धुवायची सोय हॉटेलात नाही, धुलाईची दुकानं नव्या गावात.

पुन्हा राहीन का? आठवडाभर असेल तर डोळे मिटून. महिन्यांसाठी असेल तर हिवाळ्यात हो, जूनमध्ये आकडा बघून. आणि खोली नदीकडची घेऊ नका, मागच्या चौकाकडची मागा. ती स्वस्त, थंड आणि जहाजं दिसत नाहीत. नदी बघायला दोन मिनिटं चालत टोकाशी जायचं.

निघायच्या दिवशी निरोपाच्या गडबडीत शेगडी मागायची राहून गेली. सप्टेंबरमध्ये माझ्या जागी ऑफिसमधला एक जण तिथेच राहायला गेला. त्याला सांगून ठेवलं होतं. त्याने विचारलं तर मालकीणबाईंनी कपाट उघडून दाखवलं, म्हणाल्या, इथेच आहे, नीट आहे, आणि कपाट परत लावून टाकलं.