मामलेदार मिसळ, ठाणे: तिखटच घ्या

कचेरीतला अधिकारी आज तहसीलदार म्हणवतो, पण ठाणेकरांच्या तोंडी मिसळ अजून मामलेदारचीच. कचेरीच्या आवारातलं हे साधं कँटीन सत्तर वर्षांहून जास्त काळ चालू आहे. सातबाऱ्यासाठी खेटे घालणाऱ्यांनीच ते नावारूपाला आणलं असणार. माझे बाबा त्यांतलेच. कळव्याच्या जमिनीचा फेरफार होईपर्यंत किती चकरा झाल्या देव जाणे, पण प्रत्येक वेळी परतताना ते इथे बसायचे. एकदा मला सोबत नेलं, मी तेव्हा सातवीत होते.

परवा मुलाला घेऊन गेले. स्टेशनवरून चालतच. (१६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून पहिली गाडी आली ती याच ठाण्यात, हे त्याला वाटेत सांगितलंच.) बसायला जागा मिळेल तिथे, अनोळखी माणसांच्या टेबलावर. तिखट, मध्यम की कमी तिखट, एवढंच विचारतात. मी तिखट सांगितली.

ताटली समोर आली तेव्हा फरसाणाच्या कडेने लाल तर्री हळूहळू वर चढत होती. पहिल्या घासाला खमंग चव लागते, तिखट मागून येतं, थेट कानापर्यंत. लिंबू पिळा, कांदा सढळ हाताने घाला आणि पाव रश्श्यात पूर्ण बुडवा. फरसाण मऊ पडायच्या आत निम्मी ताटली संपवायची, ही बाबांची शिकवण.

मुलाने मध्यम घेतली होती. नाक पुसत पुसत त्याने आणखी एक पाव मागवला.