घर घेण्यापूर्वीचा एक अभ्यासवर्ग: मालकी चोख, घरांचे प्रकार घाईत

प्रथमच घर घेणाऱ्यांसाठी तयार केलेला हा ऑनलाइन अभ्यासवर्ग घराची रचना आणि घराची मालकी हे दोन विषय वेगळे ठेवतो, आणि त्याची शिफारस करावीशी वाटते ती मुख्यतः याच कारणासाठी. घर स्वतंत्र आहे, जोडघर आहे, रो-हाउस आहे की फ्लॅट, हे पाहताक्षणी कळते. पण खालची जमीन कोणाची, दुरुस्तीचा खर्च कोणाचा आणि विकताना कोणाची संमती लागेल, हे कागदपत्रे वाचल्याशिवाय कळत नाही.

सर्वांत सरस पाठ फ्लॅटच्या मालकीवरचा आहे. त्यात हुबेहूब सारखे दोन फ्लॅट घेतले आहेत. पहिल्यात कॉन्डोमिनियम पद्धतीनुसार फ्लॅटची स्वतंत्र मालकी खरेदीदाराकडे येते आणि जिना, छत, जमीन यांत त्याचा अविभक्त हिस्सा असतो. दुसऱ्यात संपूर्ण इमारत सहकारी संस्थेच्या नावावर असून सभासदाकडे संस्थेचे भाग (शेअर) आणि राहण्याचा हक्क एवढेच असते. संस्थेने इमारतीवर कर्ज काढले असेल, तर त्याचा बोजा सभासदांच्या मासिक शुल्कात उतरतो, म्हणून कमी किमतीचा फ्लॅट स्वस्त पडेलच असे नाही, हे शिक्षिका आकडेमोड करून दाखवतात. पुढे त्या एका इमारतीचा नमुना दस्तऐवज पडद्यावर उघडतात आणि खिडकीतून पाणी झिरपल्यास खर्च कोणी करायचा याचे कलम शोधतात: काच फ्लॅटधारकाची, चौकट मात्र समाईक. एखाद्या वेगळ्या इमारतीच्या दस्तऐवजात हीच विभागणी उलटी असू शकते, हेही त्या बजावतात.

इतिहासाचा भाग लहान असला तरी नेमका आहे. ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्समध्ये 1961 च्या स्ट्रेटा कायद्यापूर्वी फ्लॅट घेणाऱ्याच्या हाती बहुधा इमारतीची मालक असलेल्या कंपनीचे शेअर येत. त्या कायद्याने फ्लॅटला स्वतंत्र मालकीपत्र दिले. याउलट इंग्लंड आणि वेल्समध्ये 2002 साली कॉमनहोल्डचा, म्हणजे फ्लॅटची कायमची मालकी देणाऱ्या पद्धतीचा, कायदा होऊनही फ्लॅट प्रामुख्याने दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्यावरच विकले जात राहिले. भाडेपट्ट्याची शिल्लक मुदत घटत गेली की किंमत का उतरते आणि कर्ज देणारे का कचरतात, हे सिंगापूरच्या 99 वर्षांच्या पट्ट्यांवरून चांगले उलगडले आहे. मुदतवाढीचा हिशेब मात्र दाखवलेला नाही, आणि ही उणीव मोठी आहे.

सहमालकीला दिलेली मिनिटे फारच थोडी आहेत. इंग्रजी कायदापरंपरेतील एका प्रकारात एक मालक वारला की त्याचा हक्क आपोआप हयात मालकाकडे जातो, त्याच्या मृत्युपत्राचे तेथे काही चालत नाही. दुसऱ्या प्रकारात प्रत्येकाचा हिस्सा वेगळा राहतो व वारसांकडे जातो. एकत्र पैसे घालणाऱ्या भावंडांसाठी ही निवड घर निवडण्याइतकीच महत्त्वाची असताना, ती एका तक्त्यात उरकली आहे.

घरांच्या प्रकारांवरील पाठात तर वर्ग स्वतःचीच शिस्त मोडतो. तेथे रो-हाउसच्या शेजारी कॉन्डोमिनियम हा जणू बांधकामाचा प्रकार असल्यासारखा मांडला आहे, वास्तविक रो-हाउसही त्या पद्धतीने विकली जातात. कारखान्यात बनवून जागेवर आणून ठेवलेल्या घरांबद्दल दोनच वाक्ये आहेत. घर स्वतःचे पण खालचा भूखंड भाड्याचा, ही त्यातील खरी अडचण सांगायचीच राहिली आहे. जोडघराच्या समाईक भिंतीचा विषय तेवढा नीट आला आहे.

शंकांना लेखी उत्तरे मिळतात, ती मुद्देसूद असतात. नमुना दस्तऐवज उतरवून घेता येतात. ज्यांचा फ्लॅट घेण्याचा निर्णय झाला आहे, त्यांनी सुरुवातीचे पाठ सोडून थेट मालकीवरील भागापासून आरंभ करावा, आणि वेगळे शुल्क आकारून दिला जाणारा वैयक्तिक सल्ला घेऊ नये, कारण त्यात पाठांचीच पुनरावृत्ती होते. ते पैसे प्रत्यक्ष दस्तऐवज वाचून देणाऱ्या वकिलासाठी राखलेले बरे.