शाहू स्टेडियम, कोल्हापूर : निपाणीहून एका मॅचसाठी

मोटर वाइंडिंगचं माझं दुकान निपाणीत आहे. विहिरीवरची मोटर असो, बोअरची असो नाहीतर पिठाच्या गिरणीची, दुकानात आली की मी आधी ती खोलत नाही. करंट देतो आणि कान लावतो. बेअरिंग गेलंय की कॉइल जळालीय, हे निम्मं आवाजावरनंच कळतं. तीस वर्षं हेच केल्यामुळं कुठल्याही जागेची पारख मी कानानं करतो. म्हणून कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमबद्दल पहिलं हेच सांगतो की तिथं फुटबॉल ऐकू येतो.

टीव्हीवर कॉमेंट्री ऐकू येते, गर्दीचा एकसुरी गोंगाट ऐकू येतो. चेंडूला बूट नीट बसला तर 'धप्प' आणि अर्धवट लागला तर 'फट्', हा फरक टीव्हीत येत नाही. दोघंजण एकाच चेंडूवर उडी मारतात तेव्हा छातीला छाती लागल्याचा आवाज येत नाही. खेळाडू एकमेकांना काय सांगतात, तेही नाही. शाहू स्टेडियमवर गोलच्या मागच्या बाजूला खालच्या पायऱ्यांवर बसा, हे सगळं ऐकू येतं. त्यासाठी मी माझ्या गावाहून चाळीसेक किलोमीटर जातो आणि इथून पुढंही जाणार.

या खेपेला बरोबर भाची होती. संकेश्वरला असते, सातवीत आहे, शाळेच्या संघात गोलकीपर. संघात मुली तीनच, बाकी पोरं. उंच आहे आणि चेंडूला घाबरत नाही म्हणून सरांनी तिला गोलमध्ये उभी केली. तिनं आजवर खरी मॅच पाहिलेली नव्हती. मोबाइलवर मात्र सगळं जग पाहिलंय. तिनंच मला इंग्लंडातल्या छोट्या मैदानांचे व्हिडिओ दाखवले. तिथल्या लीगच्या उतरंडीत वरच्या चार पायऱ्यांवर मिळून ९२ क्लब आहेत, आणि त्याखालच्या सगळ्याला 'नॉन-लीग' म्हणतात. शेफील्डमध्ये सँडीगेट म्हणून मैदान आहे, हॅलम क्लबचं. २६ डिसेंबर १८६० रोजी तिथं हॅलम आणि शेफील्ड या दोन क्लबांची मॅच झाली होती, आणि आजही तिथं खेळतात. लोक कठड्याला टेकून चहा पीत बघतात. हाफटाइमला संघांनी बाजू बदलली की प्रेक्षकही उठून दुसऱ्या गोलमागं जातात.

"मामा, आपल्याकडं असलं काय नाही काय?" तिनं विचारलं. आपल्याकडं बेळगावात कॅम्पात सेंट पॉल्सच्या मैदानावर शाळांच्या मॅच होतात, तिथली पोरं चांगलीच खेळतात. पण गल्लीच्या संघासाठी सगळी गल्ली दुकानाचं शटर ओढून येते, असलं बघायचं तर निपाणी-संकेश्वर-चिकोडीच्या माणसाला जवळचं ठिकाण कोल्हापूरच. तिला म्हटलं, चल, दाखवतो.

जायचं कसं ते थोडक्यात. निपाणी स्टँडवर कर्नाटकाची गाडी मिळते, महाराष्ट्राची लालपरीही मिळते. जी पुढं येईल तिच्यात बसा. कोगनोळीचा टोलनाका गेला, दूधगंगेचा पूल ओलांडला की महाराष्ट्र. १९५६ साली ही रेघ पडली. आमच्या घरात मात्र लग्नाची खरेदी, दवाखाना आणि कुस्ती तीन पिढ्या कोल्हापूरचीच, फुटबॉलही त्याच यादीत. पुलावर आलो की माझ्या वडलांचा हात आपोआप कपाळाला जायचा, तसा माझाही जातो. कोल्हापुरात उतरल्यावर रिक्षावाल्याला नुसतं 'स्टेडियम' म्हणा, पुरतं.

मंगळवार पेठेच्या बाजूला, रावणेश्वराच्या देवळाला लागून हे मैदान आहे. पूर्वी इथं तळं होतं असं जुनी माणसं सांगतात, आणि गॅलरीच्या वरच्या पायरीवरनं खाली बघितलं की ते पटतं. हिरवळ खाली, माणसं चारी बाजूंनी वर, आणि आवाज सगळा वाटीत साठल्यासारखा मध्ये. तळ्याच्या काठावर बसून बोललं की पलीकडच्या काठावर ऐकू जातं, अगदी तसं. तिकीट चहा-वड्याच्या पैशात येतं. दुपारच्या मॅचला पश्चिमेच्या अंगाला बसा, म्हणजे ऊन पाठीवर येतं आणि डोळ्यांवर हात धरावा लागत नाही. सिमेंट तापलेलं असतं, तेव्हा बसायला एखादं पोतं नाहीतर जाड टॉवेल न्या. मी दुकानातला नेला.

नवीन माणसाला इथल्या संघांची नावं ऐकून नवल वाटेल. पाटाकडील तालीम मंडळ, दिलबहार तालीम मंडळ, बालगोपाल तालीम, खंडोबा तालीम. तालीम म्हणजे लाल मातीची, कुस्तीची. राजर्षी शाहूंनी या शहराला कुस्तीचं वेड लावलं, १९१२ साली खासबागेचं मैदान उभं राहिलं, पेठेपेठेत तालमी झाल्या. पुढं त्याच तालमींच्या पोरांनी फुटबॉल धरला. म्हणून इथला संघ कुणा मालकाचा नसतो, पेठेचा असतो. कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनच्या, म्हणजे केएसएच्या वरिष्ठ गटात असे १६ संघ आहेत. संघातला पोरगा सकाळी दुकानात असतो, बँकेत असतो, नाहीतर कॉलेजला असतो; दुपारी बूट बांधतो. २०१७ साली भारतात १७ वर्षांखालच्यांचा वर्ल्डकप झाला, त्यात भारताच्या संघातून खेळलेला अनिकेत जाधव याच शहरातला.

त्या दिवशी कोण खेळत होतं ते मी लिहीत नाही. दोन्ही पेठांत माझे पाहुणे आहेत, आणि हे ते वाचणार. मॅच साखळीतली होती, एक-एक अशी बरोबरीत सुटली, एवढं पुरे.

आत गेल्यावर भाची सरळ गोलच्या मागं जाऊन बसली. तिला मधली जागा नको होती. पहिली पाच मिनिटं माझं लक्ष सगळ्या मैदानावर, तिचं फक्त एका माणसावर. कीपर विशीतला असेल, अंगानं बारीक. ग्लव्हजची तळहाताकडची बाजू घासून पांढरी पडलेली, उजव्या मनगटाला वेलक्रो टिकत नव्हतं म्हणून वरून चिकटपट्टी गुंडाळलेली. दर दोन-तीन मिनिटांनी तो ग्लव्हजवर थुंकायचा, तळवे एकमेकांवर दाबायचा आणि उघडायचा. चर्रर्र असा बारीक आवाज यायचा. तो आवाज मला आला, तिलाही आला. तिनं स्वतःचे तळवे तसेच दाबून बघितले.

मग तिनं माझी बाही ओढली. "मामा, हा सारखा बोलूलालाय."

खरंच बोलत होता. चेंडू पार पलीकडच्या गोलसमोर असतानासुद्धा. "डावीकडं बघ! तुझ्या मागं हाय एक! वर या, वर या, लाइन धरा!" बचावातल्या पोरांना तो एकेकाला नावानं हाक मारत होता. ती पोरं मागं वळून बघत नव्हती, नुसती दोन पावलं सरकायची. त्याच्या आवाजानं बचावफळी हलत होती. हे मी इतक्या मॅच बघून कधी नीट लक्षात घेतलं नव्हतं. मला वाटायचं कीपर ओरडतो तो जोशात. बारा वर्षांच्या पोरीनं मला दाखवलं, की ते त्याचं अर्धं काम आहे.

शेजारी एक आजोबा बसले होते, पांढरी टोपी, हातात शेंगदाण्याची पुडी.

"पावणं, कुठलं म्हणायचं?"

"निपाणी."

"मग आमच्यातलंच की." पुडी भाचीपुढं धरली. "घे बाळ. कुणाकडनं हायस तू?"

"मी कीपरकडनं," ती म्हणाली.

आजोबांना हे फार आवडलं. मग कुठली पेठ गॅलरीत कुठं बसते ते त्यांनी बोट दाखवून सांगितलं. इंग्लंडातल्यासारखं इथं हाफटाइमला कुणी जागा बदलत नाही. ज्याची जागा तिथं तो, बापाच्या वेळेपासून. पलीकडं हलगी वाजायला लागली की ती कुणाची हे आजोबा न बघता सांगायचे. हलगी तापवून ताणलेली आहे की सैल पडलीय हे मलाही कळतं, तेवढं आम्ही दोघं बोललो.

पूर्वार्धातच एक कॉर्नर आला. उंच, गोलच्या अगदी तोंडाशी. सगळा घोळका वर उडाला आणि त्या गलक्यातून एकच शब्द स्वच्छ आला, "माझा!" त्यासरशी त्याच्याच संघाचे दोघं बाजूला झाले, हा गुडघा पुढं घेऊन वर गेला आणि दोन्ही मुठींनी चेंडू बाहेर मारला. माझ्यापासून दहा-बारा पावलांवर. मुठी चेंडूवर बसल्याचा आवाज भरल्या पोत्यावर काठी मारल्यासारखा. भाची उभीच राहिली. पुढं पंधरा मिनिटांनी त्याच्यावर गोल झालाच, रिबाउंडवर, त्याचा इलाज नव्हता. तो जाळीतून चेंडू काढून आणताना ती टाळ्या वाजवत होती. आसपासच्या चार जणांनी वळून बघितलं. आजोबा त्यांना म्हणाले, "वाजवू द्या, पोरगी कीपर हाय."

आता जे खटकलं तेही लिहितो. आमच्या मागं काही तरुण पोरं होती, पहिल्या अर्ध्या तासात त्यांच्या तोंडात शिवीशिवाय शब्द नव्हता. कुठल्या पेठेची होती याला अर्थ नाही, अशी पोरं सगळीकडं असतात. ईर्षा असावी, तिच्याशिवाय पेठांच्या फुटबॉलला चव नाही. पण रेफरीच्या आईबहिणीला त्यात ओढायचं कारण नाही. मी भाचीला घेऊन खाली सरकणार, तेवढ्यात आजोबांनीच वळून खडसावलं, "लेकरू बसलंय हितं." पोरं गप्प झाली, एकानं हात जोडून "चुकलं काका" म्हटलं. आजोबा नसते तर मला जागा सोडावी लागली असती, हे मला आवडलेलं नाही. लेकीबाळींना घेऊन जाणाऱ्यांनी सुरुवातीलाच एखाद्या वयस्क माणसाच्या शेजारी बसावं. बायका गॅलरीत अगदी मोजक्या दिसल्या. त्या वाढल्या तर ही भाषा आपोआप खाली येईल असं मला मनापासून वाटतं, आणि म्हणून मी पुढच्या खेपेला बायकोलाही नेणार आहे.

बाहेरच्या एका गाड्यावर वडा घेतला, तो सकाळचा होता. दुसरा घेतला नाही. खायचं असेल तर मॅच संपल्यावर खासबागेच्या खाऊगल्लीत चालत जा, नाहीतर आमच्यासारखं करा. आम्ही रिक्षानं गंगावेशीत दूध कट्ट्यावर गेलो. म्हशी समोर बांधलेल्या असतात, धार काढून फेसाळलेला ग्लास तिथल्या तिथं हातात देतात. भाचीला धारोष्ण दूध माहीत नव्हतं, संकेश्वरच्या घरी पिशवीचं येतं. तिनं ग्लास दोन्ही हातांनी धरला आणि विचारलं, "हे गरम कसं? तापवलं तर नाही की." मग म्हशीकडं बघितलं आणि तिचं तिलाच कळलं. ओठावरचा फेस तसाच ठेवून तिनं दुसरा प्रश्न विचारला, "इथं पोरींची मॅच असते काय?" मी म्हटलं, कोल्हापुरात मुली खेळतात, चौकशी करून सांगतो. पुढच्या वेळी जायचं ते ती माहिती काढूनच, असं मी ठरवलंय.

परतीचं तेवढं जपा. संध्याकाळी स्टँडवर निपाणी-बेळगावची गर्दी असते. एक गाडी फलाटावर न थांबताच गेली, आम्ही पाऊण तास उभे होतो. सोबत लहान मूल असेल तर उजेड असेतो स्टँड गाठा, मॅचनंतरचं रेंगाळणं त्या हिशेबात बसवा.

कुणी जावं? ज्याला नुसता निकाल पाहिजे त्यानं मोबाइलवर बघावा. ज्याचं पोरगं किंवा पोरगी शाळेच्या मैदानावर चेंडूमागं पळतेय, त्यानं मात्र एकदा तरी घेऊन जावं, आणि गोलच्या मागं बसवावं. मधल्या गॅलरीत खेळ सगळा दिसतो, पण गोलमागं तो ऐकू येतो.

त्यानंतरच्या शनिवारी संध्याकाळी बहिणीचा फोन आला. भाचीच्या शाळेची हुक्केरीच्या शाळेशी मॅच होती. "काय शिकवून सोडलास रे तिला दादा? तासभर नुसती वरडत होती म्हणे, सरांना पण ऐकू आलं." मी म्हटलं, तिला दे फोन. पलीकडनं घोगरा, बसलेला आवाज आला, बेअरिंगला ग्रीस नसल्यासारखा.

"मामा, 'माझा' म्हटलं की पोरं खरंच बाजूला होतात."