रत्नागिरीतली पायाच्या धमन्यांची ओपीडी : सायकलवाल्यांनी जावं का?

आरे-वारेच्या चढावर जोर लावला की एकच मांडी भरून येते, मग पाऊल बधिर, मग पायात जीवच राहत नाही, आणि वर पोचून सायकल उभी केली की दोन-चार मिनिटांत पाय एकदम नॉर्मल, आणि पावस रोडला आरामात चालवताना तर काहीच नाही, असं कोणाला होत असेल तर हा रिव्ह्यू त्यांच्यासाठी. रिव्ह्यू आहे रत्नागिरीत महिन्यातून एकदा कोल्हापूरहून येणाऱ्या व्हॅस्क्युलर (रक्तवाहिन्यांच्या) सर्जनच्या ओपीडीचा आणि तिथे होणाऱ्या एक्सरसाइज डॉपलरचा, म्हणजे आधी दमवून मग पायातला रक्तप्रवाह बघायच्या टेस्टचा. नाव इथे टाकत नाही, पर्सनलवर विचारा, सांगते.

आपल्याकडे या दुखण्याचा प्रवास ठरलेला आहे. आधी सायटिका, मग कंबरेचा एमआरआय, मग फिजिओ, मग कोणीतरी मॅग्नेशियम घ्यायला सांगतं आणि क्लबमधले काका म्हणतात "अगो, पाणी कमी पडतंय तुला". मी पण सगळं केलं. धमनीचा संशय आला तेव्हा आधी दुसऱ्या एका सेंटरला डॉपलर केला, झोपवून, दहा मिनिटांत, रिपोर्ट क्लीन. वर म्हणे मॅडम तुमच्या धमन्या कॉलेजच्या पोरीसारख्या आहेत. बरं वाटलं ऐकून पण पाय तसाच.

आता यात गंमत अशी की तो रिपोर्ट खोटा नव्हता. झोपलेल्या माणसाच्या पायाला रक्त लागतंच किती! व्हॅस्क्युलर ओपीडीत बाकी जे पेशंट असतात, विडी ओढणारे आजोबा, जुना डायबेटिस असलेले, त्यांच्या धमनीत चरबी साठलेली असते आणि त्यांच्यात बऱ्याचदा झोपवूनच कळतं. घोट्याचं बीपी भागिले दंडाचं बीपी, याला एबीआय म्हणतात, ०.९ च्या खाली आलं की गडबड. माझं दोन्ही पायांचं १.१ होतं, म्हणजे फर्स्ट क्लास. सायकलवाल्यांचा आजार वेगळाच आहे, एक्स्टर्नल इलियाक आर्टरी एन्डोफायब्रोसिस, ऐंशीच्या दशकात फ्रान्समधल्या डॉक्टरांनी सायकलपटूंमध्ये तो ओळखला. जांघेच्या वर जी मोठी धमनी आहे तिचं आतलं अस्तर जाड होत जातं, कोलेस्टेरॉलशी संबंध नाही, आणि काहींची धमनी लांबून तिला बाक येतो. कारण काय तर वाकून बसायचं, मांडी पोटाला लागेपर्यंत वर, परत खाली. ९० च्या केडन्सने, म्हणजे मिनिटाला ९० पेडल मारले तर, तासाला ५४०० वेळा ती धमनी दुमडते, आणि तीही रक्त फुल प्रेशरने वाहत असताना. आता दोनशे किलोमीटरच्या बीआरएमचा (लांब पल्ल्याच्या राइडचा) हिशोब तुम्हीच करा.

डॉक्टरांनी हे माडांना पाणी घालायच्या पाइपवरून समजावलं, की नळ बारीक सोडला तर पाइप थोडा दुमडलेला असला तरी कळत नाही, पंप चालू केला की कळतं. म्हणून पंप चालू करूनच बघायचं.

आणि खरंच चालू केला! आदल्या दिवशी फोन करून स्वतःची सायकल आणि ट्रेनर (सायकल जागच्या जागी चालवायचा स्टँड) घेऊन या म्हणाले. सोनोग्राफीच्या खोलीत पलंगाला खेटून सायकल लावली, टेक्निशियन ताईंनी दोन्ही घोट्यांना आणि दंडाला पट्टे आधीच बांधून ठेवले, आणि मग दर थोड्या वेळाने गिअर वाढवायला लावला, तेच दुखणं येईपर्यंत, "आलं का? तेच का? नक्की तेच ना?" असं तीनदा विचारून. आलं म्हटल्यावर उडीच मारायची पलंगावर, कारण पहिल्या मिनिटातलं रीडिंग महत्त्वाचं, नंतर घेतलं तर प्रेशर परत वर येतं आणि सगळी मेहनत फुकट. उजव्या पायाचा एबीआय थोडा उतरला (तेवढा धडधाकट माणसाचाही उतरतो म्हणे), डाव्याचा ०.५५. मला वाचता येत होतं स्क्रीनवर. त्या सेकंदाला मला आनंद झाला हे विचित्र आहे, पण ज्यांना महिनोन्महिने "मनाचे खेळ" ऐकवलेत त्यांना कळेल.

मग जांघेवर प्रोब ठेवून गुडघा छातीशी घ्यायला लावला. पाय सरळ असताना डॉपलरचा आवाज ठोक्याठोक्याने येत होता, गुडघा वर आणला तसा तो बारीक शिट्टीसारखा झाला. ताईंनी मान हलवली आणि पडद्याबाहेर डॉक्टरांना हाक मारली. बायकांसाठी सांगते, टेस्ट बाईच करतात, पडदा व्यवस्थित आहे, सायकलिंग शॉर्ट चालते, संकोच वाटला नाही.

पुढे सीटी अँजिओ (धमन्यांचा स्कॅन) करायला कोल्हापूरला जावं लागलं, त्यात बाक आणि थोडं अरुंद होणं दोन्ही दिसलं.

आता ट्रीटमेंट, आणि इथे मी या डॉक्टरांना पूर्ण मार्क देते. मधल्या काळात एका मोठ्या शहरातल्या हॉस्पिटलने फोटो बघून लगेच स्टेंट सुचवला होता, पॅकेज रेटसकट. हे म्हणाले, त्या जागी स्टेंट म्हणजे जिथे दर पेडलला वाक पडतो तिथेच धातूची जाळी बसवायची, ती मोडू शकते, बंद होऊ शकते, तरुण सायकलवाल्यात आपण शक्यतो टाळतो. ऑपरेशन करायचंच तर ओपन: धमनी आजूबाजूच्या बंधनातून मोकळी करायची, अस्तर जाड असेल तर ते काढून आपल्याच पायातल्या शिरेचा तुकडा पॅच म्हणून लावायचा, लांबलेली असेल तर आखूड करायची. आणि त्यानंतर काही महिने शर्यतीचं नाव नाही. याच धमनीचं ऑपरेशन २०१९ मध्ये इटलीचा सायकलपटू फाबिओ आरूचं झालं आणि फ्रान्सची सायकलपटू पोलिन फेरां-प्रेव्होचंही. आरू २०२१ मध्ये रिटायर झाला, पोलिनने २०२४ ला पॅरिसमध्ये माउंटन बाइकचं ऑलिंपिक गोल्ड घेतलं आणि २०२५ ला बायकांची टूर द फ्रान्स जिंकली. म्हणजे दोन्ही होऊ शकतं, डॉक्टरांनीही गॅरंटी वगैरे भाषा केली नाही.

मला काय सांगितलं? सध्या ऑपरेशन नको. हँडल वर घ्या, सीट थोडी पुढे, क्रँक (पेडलचा दांडा) आखूड लावून बघा, जोराचे इंटरव्हल बंद. याने धमनी बरी होणार नाही हे पण स्पष्ट सांगितलं, फक्त दुमडणं कमी होईल. आणि सायकल नुसती फिरायला चालवणार असाल तर काहीच करायची गरज नाही, पाय साधारणपणे धोक्यात नसतो. पण विश्रांतीतही दुखायला लागलं किंवा पाय अचानक गार, पांढरा पडला तर त्याच दिवशी हॉस्पिटल गाठायचं, ओपीडीची वाट बघत बसायचं नाही. आई म्हणाली हेच मी फुकट सांगत होते, सायकल सोड म्हणून. (तिला फी सांगितलेली नाही.)

माझ्यासमोर एक पळणारी मुलगी होती, दापोलीची, तिची पोटरी दुखायची. तिला पाऊल खाली दाबायला आणि वर ओढायला लावून गुडघ्याच्या मागे तपासलं, तिथे स्नायू धमनीला दाबतो असा वेगळा प्रकार असतो. तिचं काय निघालं माहीत नाही पण म्हणजे फक्त सायकलवाल्यांचंच बघतात असं नाही.

आता तक्रारी. वेळ म्हणजे शुद्ध थाप आहे. दहाची अपॉइंटमेंट, डॉक्टर आंबा घाट उतरून येईपर्यंत एक वाजला, आणि पावसाळ्यात तर विचारूच नका. रिसेप्शनवर "येतीलच, साखरप्यात आहेत" हे उत्तर तासभर चाललं, साखरपा काय सरकत होतं की काय. बसायला खुर्च्या कमी, त्यात म्हाताऱ्या माणसांना उठून जागा द्यायलाच हवी, म्हणजे आपण उभेच. मध्ये लाईट गेली तेव्हा इन्व्हर्टरवर मशीन चाललं पण पंखा नाही, आणि मी ट्रेनरवर! रिपोर्ट मराठीत किंवा निदान सोप्या इंग्लिशमध्ये द्यावा, फॅमिली डॉक्टरांनीही दोनदा वाचला. फी कन्सल्टिंग धरून साडेतीन हजारांच्या आसपास गेली, कार्ड चालत नाही, यूपीआय चालतं.

पाचपैकी चार. एक स्टार घाटाने खाल्ला.

जाणार असाल तर नंबर फोनवरच लावा आणि "सायकलवर टेस्ट करायची आहे" हे आधीच बोला, नाहीतर झोपवून करून पाठवतील. दुपारचा शेवटचा नंबर मागा, तेव्हा ताईंना घाई नसते. सकाळपासून कॉफी नको. आणि थ्रू-अॅक्सलची (चाकातून आरपार दांडा असलेली) सायकल असेल तर ट्रेनरचा अॅडॅप्टर आठवणीने न्या, रत्नागिरीत ऐन वेळेला मिळाला नाही मला.