साइडस्टेप शिकवणारा आठ आठवड्यांचा ऑनलाइन वर्ग: चौथ्या आठवड्यापासून सुरू करावा असा

पळता पळता एक पाय बाहेर रोवून झटक्यात विरुद्ध दिशेला निसटायचे, या हुलकावणीला रग्बीत साइडस्टेप म्हणतात. उजवा पाय रोवून डावीकडे निसटायचे, एवढी एकच बाजू मला येत होती, आणि ती एकच येते हे आमच्या साखळीतील प्रत्येक संघाला दोन हंगामांत कळून चुकले होते. मी हौशी खेळाडू आहे. क्लबच्या दुसऱ्या संघात विंगवर, म्हणजे मैदानाच्या कडेला, खेळतो, आठवड्यातून दोन संध्याकाळी सराव करतो, आणि पस्तिशी ओलांडल्यापासून निव्वळ वेगाच्या जोरावर कोणाला मागे टाकण्याची आशा सोडून दिली आहे. साइडस्टेपचे वेड मात्र फार जुने आहे. २७ जानेवारी १९७३ रोजी कार्डिफ आर्म्स पार्कवर बार्बेरियन्स या निमंत्रितांच्या संघाकडून न्यूझीलंडविरुद्ध खेळताना फिल बेनेट याने स्वतःच्याच गोलरेषेजवळ चेंडू उचलून एकामागून एक बचावपटूंना ज्या झुकांड्या दिल्या आणि ज्या चालीचा शेवट गॅरेथ एडवर्ड्सच्या ट्रायने (प्रतिस्पर्ध्याच्या गोलरेषेपलीकडे चेंडू टेकवून गुण मिळवण्याने) झाला, ते चित्रण मी इतक्या वेळा पाहिले आहे की समालोचकाचा आवाज बंद केला तरी तो मला ऐकू येतो. पाहून येण्यासारखी ही गोष्ट असती तर मी एव्हाना पहिल्या संघात असतो. ती तशी नाही हे मान्य करून मी फक्त साइडस्टेप शिकवणाऱ्या एका ऑनलाइन वर्गाचे वर्षभराचे सदस्यत्व घेतले. वर्गाचे नाव येथे देत नाही. त्याची रचना कशी आहे आणि ती कोणाच्या उपयोगाची आहे, एवढेच सांगतो.

आठ आठवडे, दर आठवड्याला तीन सत्रे आणि प्रत्येक सत्र साधारण चाळीस मिनिटांचे, अशी आखणी आहे. प्रत्येक सत्रासाठी चित्रफीत आणि छापून घेण्याजोगा तक्ता मिळतो. दर दोन आठवड्यांनी आपले स्वतःचे चित्रण पाठवायचे असते आणि प्रशिक्षक त्यावर रेघा ओढून, आवाजात टिप्पणी करून ते परत पाठवतो. पहिल्या तीन आठवड्यांसाठी लागणाऱ्या साहित्याच्या यादीत ॲजिलिटी लॅडर (जमिनीवर अंथरायची शिडी) आणि खुणेचे शंकू होते, पण चेंडू नव्हता. मला तेथेच शंका यायला हवी होती.

हे तीन आठवडे वाया गेले असे माझे स्पष्ट मत आहे. जमिनीवर अंथरलेल्या लॅडरच्या चौकटींतून पाय भराभर टाकताना नजर खाली असते, क्रम आधीच पाठ असतो, धड ताठ असते आणि पाऊल बरोबर कमरेखाली पडते. साइडस्टेपमध्ये यांपैकी प्रत्येक गोष्ट नेमकी उलट असते. तेथे नजर समोरच्या माणसावर ठेवावी लागते, तो काय करील हे आधी ठाऊक नसते, कंबर खाली आणावी लागते आणि पाऊल शरीराच्या रेषेबाहेर रुंद टाकावे लागते, कारण बाहेर पडलेल्या पायानेच जमीन ढकलून विरुद्ध दिशेला जाता येते. तिसऱ्या आठवड्याअखेर लॅडरवरचा माझा वेग खरोखरच वाढला होता आणि त्याच शनिवारी सामन्यात मी पूर्वीइतक्याच सहजपणे टॅकल झालो, म्हणजे धरून पाडला गेलो.

चौथ्या आठवड्यात वर्गाचा नूर पालटतो, आणि मी भरलेल्या पैशांचे मोल बहुतांशी या एका आठवड्यात आहे. येथे पहिल्यांदा सांगितले जाते की पाय रोवण्याच्या क्षणाइतकीच त्याआधीची धाव महत्त्वाची असते. बचावपटूच्या अंगावर थेट धावत गेलो तर तो दोन्ही पायांवर सारखा भार ठेवून वाट पाहत राहतो. त्याच्या एका खांद्याच्या बाहेरून जाणार असा रोख धरला, तर त्याला तो रस्ता बंद करण्यासाठी सरकावेच लागते, त्याची कंबर वळते, भार एका पायावर जातो, आणि तो भार परत आणायला त्याला जो वेळ लागतो तेवढाच आपला असतो. पाय लवकर रोवला तर तो सावरतो. उशिरा रोवला तर आपण आपल्याच पायांनी त्याच्या मिठीत जातो. हे अंतर सापडावे म्हणून एका शंकूपासून निरनिराळ्या अंतरांवर वळण्याचा आणि मग शंकूच्या जागी माणूस उभा करून तेच करण्याचा सराव दिला आहे. माझ्या वेगाला ते अंतर तीन मीटरांच्या आसपास निघाले. माझ्याहून वेगवान असलेल्या सहकाऱ्याला त्याहून अधिक लागले. २ नोव्हेंबर २०१९ रोजी योकोहामा येथील विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात दक्षिण आफ्रिकेच्या चेस्लिन कोल्बेने इंग्लंडच्या ओवेन फॅरेलला चकवून केलेला ट्राय मी या आठवड्यानंतर पुन्हा पाहिला, तेव्हा पहिल्यांदाच कोल्बेच्या पायांऐवजी फॅरेलच्या कमरेकडे पाहिले.

पाचवा आणि सहावा आठवडा कमकुवत पायासाठी राखून ठेवलेला आहे. डावा पाय रोवून उजवीकडे निघणे मला आरशासमोर जमत होते, धावताना जमत नव्हते. येथे चित्रणावरच्या टिप्पणीचा खरा उपयोग झाला. प्रशिक्षकाने माझी धाव थांबवून थांबवून दाखवली. डावा पाय टेकण्याच्या एक पाऊल आधीच माझे डोके उजवीकडे कलत होते, म्हणजे मी कोठे जाणार हे समोरच्याला आगाऊ कळवत होतो, आणि पाय टेकताना पाऊल बाहेरच्या बाजूला वळलेले असल्यामुळे जमिनीला दिलेला निम्मा जोर फुकट जात होता. माझ्या क्लबचे प्रशिक्षक भले गृहस्थ आहेत, पण तीस जणांवर लक्ष ठेवताना एकाच्या डाव्या पावलाचा कोन त्यांना दिसणे शक्य नव्हते. टिप्पणी वेळेवर येत नाही, ही मात्र तक्रार आहे. तीन दिवसांत उत्तर देण्याचे आश्वासन होते. माझ्या तिसऱ्या चित्रणाला अकरा दिवस लागले आणि तोवर चुकीची सवय आणखी घट्ट झाली.

याच सुमारास माझा डावा गुडघा सुजला. फिजिओथेरपिस्टने दोन आठवडे वळणे बंद करायला लावले. वर्गाची सर्वांत गंभीर उणीव ही आहे. रुंद पाय टाकून झटक्यात दिशा बदलताना गुडघा आत झुकला, तर त्यातील एसीएल या अस्थिबंधावर मोठा ताण येतो, आणि कोणाचाही धक्का लागलेला नसताना तो फाटण्याच्या नेहमीच्या कारणांत ही हालचाल मोडते. जी हालचाल शिकवण्यासाठी हा वर्ग आहे तिच्याविषयी एवढी ठळक सूचना पहिल्या दिवशीच असायला हवी होती, आणि मांडीच्या मागच्या स्नायूंची ताकद, एका पायावरचा तोल, उडी मारून नीट उतरणे यांचा सराव लॅडरच्या जागी यायला हवा होता. वर्गात दोन मिनिटांची संथ धाव म्हणजे वॉर्मअप. वर्ल्ड रग्बी या जागतिक संघटनेचा ‘ॲक्टिव्हेट’ हा दुखापती टाळण्यासाठीचा व्यायामक्रम विनामूल्य उपलब्ध आहे; मी आता प्रत्येक सत्राआधी तोच करतो.

बुटांविषयीचा सल्लाही मला पटला नाही. नियमांनुसार स्टडची, म्हणजे बुटाच्या तळाला असलेल्या खुंट्यांची, लांबी २१ मिलिमीटरपेक्षा जास्त चालत नाही, आणि वर्गात सरसकट लांब स्टड वापरण्याची शिफारस आहे. ओल्या, मऊ मैदानावर ते योग्य आहे. कोरड्या, टणक जमिनीवर ते नीट रुततच नाहीत आणि आखूड, साच्यातील स्टड अधिक भरवशाचे वाटतात. पाय जमिनीला धरला पाहिजे हे खरे, पण तो सुटलाही पाहिजे, नाहीतर शरीर वळते आणि पाय तेथेच राहतो. (नाचता येईना अंगण वाकडे या न्यायाने मीही बरीच वर्षे बुटांनाच दोष देत आलो, त्यामुळे या विषयावर जास्त बोलत नाही.)

सातव्या आठवड्यातील एका पाठात ऑस्ट्रेलियाच्या डेव्हिड कॅम्पीझच्या नावाशी जोडली गेलेली गूस-स्टेप आणि वळसा घेत धावण्याची स्वर्व्ह, या दोन्ही गोष्टी साइडस्टेपचेच प्रकार म्हणून उरकल्या आहेत. गूस-स्टेपमध्ये चकवा गतीच्या लयीतून दिला जातो आणि स्वर्व्हमध्ये पाय रोवलाच जात नाही, त्यामुळे त्या पाठाने माझा गोंधळच वाढला.

शेवटच्या पंधरवड्यात पाच मीटर रुंदीच्या पट्ट्यात एकास एक, मग एकास दोन असा सराव आहे. त्यासाठी जोडीदार लागतो, आणि ही गोष्ट सदस्यत्व घेण्याआधी कोठेही सांगितलेली नाही. मला क्लबमधील एक उत्साही सहकारी मिळाला. एकट्याने शिकणाऱ्याने या दोन आठवड्यांचे काय करावे हे कळत नाही. चेंडू दोन्ही हातांत धरून धावा, हे वाक्यही येथे ओझरते येऊन जाते. बचावपटूला पासची भीती असेल तरच तो जागेवर खिळतो. चेंडू एका बगलेत घेतला की त्याची अर्धी चिंता आपणच मिटवतो. या मुद्द्याला एक पूर्ण सत्र द्यायला हवे होते.

चकवल्यानंतर काय, याविषयी तर वर्ग अक्षरही काढत नाही. विंगवरून आत वळणे म्हणजे गर्दीत शिरणे. पहिला माणूस सुंदर चकवला आणि दुसऱ्याने पाडले, तेव्हा आपले सहकारी आपल्या जुन्या दिशेने धावत निघालेले असतात. आपण एकटे पडतो, प्रतिस्पर्धी चेंडूवर झेपावतो, आणि चेंडू वेळेत सोडला नाही म्हणून पंच पेनल्टी देतात. माझ्या बाबतीत हे एकाच सामन्यात दोनदा घडले. आता मी माझ्या आतल्या बाजूला खेळणाऱ्या सेंटरशी आधी बोलून ठेवतो की मी आत आलो तर त्याने माझ्या खांद्याशी राहावे.

गेल्या महिन्यात जुन्या ओळखीचा एक बचावपटू नेहमीप्रमाणे माझी डावी बाजू धरून उभा होता. मी त्याच बाजूचा रोख धरला, डावा पाय रोवला आणि उजवीकडून, टचलाइनला (मैदानाच्या कडेच्या रेषेला) खेटून, निघालो. बारा-पंधरा मीटरांवर सर्वांत मागे उभ्या असलेल्या फुलबॅकने मला पाडले. सेंटर खांद्याशी होता, चेंडू त्याच्याकडे गेला आणि पुढच्या पासवर तो हातातून सुटला. ट्राय झाला नाही.

ज्याच्याजवळ सरावाला जोडीदार आहे, गुडघे शाबूत आहेत आणि पहिले तीन आठवडे सोडून देण्याचा संयम आहे, त्याने हा वर्ग जरूर घ्यावा. सदस्यत्वाचे सात महिने शिल्लक असल्यामुळे मी चौथ्या आठवड्यापासून पुन्हा सुरुवात केली आहे. लॅडर क्लबच्या लहान मुलांना देऊन टाकला. ती त्यावर लंगडी घालतात.